कृत्रिम सागवानाचा डेक : निवड तळपायाने करावी

एप्रिलच्या भर दुपारी गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या एखाद्या सहलीच्या बोटीवर अनवाणी पाय ठेवला, की बोटीची किंमत, इंजिनाची अश्वशक्ती, आतल्या कोचांचा रंग हे सारे तपशील क्षणभर बाजूला पडतात. पायाखालचा डेक भाजतो आहे की नाही, एवढेच कळते. तरीही नवी बोट घेताना किंवा जुन्या बोटीचे नूतनीकरण करताना डेकचा विचार बहुधा सर्वात शेवटी होतो, आणि तोही छायाचित्रे पाहून. तपकिरी पट्ट्या, त्यांच्यामधील काळ्या रेघा आणि कडेने फिरलेली रुंद चौकट हे सागवानी डेकचे रूप फायबरग्लासच्या पांढऱ्या बोटीला पाहता पाहता श्रीमंती देते. हे रूप आता लाकडाशिवायही मिळते. पीव्हीसी, फोम किंवा बूच यांपासून तयार केलेले ‘कृत्रिम सागवान’ बोटबांधणीच्या व्यवसायात स्थिरावले आहे. मात्र या नावाखाली विकले जाणारे पदार्थ एकमेकांपासून इतके भिन्न आहेत, की एकाचे गुण दुसऱ्याला लावून निर्णय घेतल्यास पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

सागवान आणि जहाज यांचे नाते मुंबईला नव्याने सांगण्याची गरज नाही. वाडिया घराण्यातील जमशेदजी बोमनजी यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली. मलबारी सागवानाची ही नौका दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. या लाकडात नैसर्गिक तेल, रबरासारखा चिवट अंश आणि सिलिका असते. त्यामुळे ते सहसा कुजत नाही, पाणी व ऊन यांच्या आलटूनपालटून माऱ्यात फारसे फुगत-आकसत नाही, आणि मुख्य म्हणजे ओले झाल्यावरही त्यावरून पाय घसरत नाही. हलत्या डेकवर हा शेवटचा गुण इतर सर्व गुणांपेक्षा मोलाचा ठरतो.

परंतु ‘ट्रिंकोमाली’मधले सागवान आणि आजच्या सहलीच्या बोटीवरचे सागवान यांच्या कामात मूलभूत फरक आहे. तिथे सागवान हा जहाजाचा सांगाडा होता. फायबरग्लासच्या बोटीवर तो केवळ पेहराव असतो. खालचा फायबरग्लासचा डेक स्वतःच मजबूत आणि जलाभेद्य असतो. त्यावर ६ ते १२ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या पाय न घसरण्यासाठी आणि शोभेसाठी बसवल्या जातात. म्हणजेच त्या काढून दुसरे काही लावले तरी बोटीच्या बळात उणीव येत नाही. हे एकदा ध्यानात आले, की ‘लाकूड नाही तर बोट कसली’ या भावनिक युक्तिवादातील हवा बरीचशी निघून जाते.

लाकूड का सोडावे लागते?

सागवानाचा खरा दोष लाकडात नसून ते बसवण्याच्या जुन्या पद्धतीत होता. १९७० आणि १९८० च्या दशकांत, विशेषतः तैवानमधील कारखान्यांत बांधल्या गेलेल्या अनेक शिडाच्या बोटींवर सागवानी पट्ट्या शेकडो, कित्येकदा हजारांवर स्क्रूंनी खालच्या डेकमध्ये बसवलेल्या असत. हा डेक बहुधा सँडविचसारखा असतो. फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा गाभा अशी त्याची रचना असते. प्रत्येक स्क्रू म्हणजे वरच्या थराला पडलेले एक छिद्र. पट्ट्यांमधील काळे रबरी भरण कालांतराने सुटते, पाणी स्क्रूच्या वाटेने खाली उतरते आणि गाभा आतल्या आत कुजू लागतो. वरचे सागवान त्या वेळीही धडधाकट दिसत असते. केबिनच्या छतातून थेंब पडू लागतात, तेव्हा रोग बराच पसरलेला असतो.

पुढे पट्ट्या स्क्रूऐवजी चिकटवण्याची पद्धत रूढ झाली आणि ही अडचण बरीच कमी झाली. तरी देखभाल उरतेच. सागवान उन्हाने राखाडी होते. ते पुन्हा सोनेरी करण्याच्या हौसेपायी आम्लयुक्त द्रावणे, कडक ब्रश आणि जोरदार फवाऱ्याचे पंप वापरले जातात. त्याने लाकडातील मऊ भाग झिजतो, कठीण रेषा वर उठून दिसतात, आणि वीस-पंचवीस वर्षे टिकू शकणारा डेक निम्म्या काळात संपतो. अनुभवी खलाशी मऊ ब्रशने, समुद्राच्या पाण्याने आणि लाकडाच्या रेषांना आडवे घासून डेक धुतात. राखाडी रंग हा दोष मानत नाहीत. पण मालकाला सोनेरी रंग हवा असेल तर खलाशाचे शहाणपण चालत नाही.

दुसरे कारण जंगलाचे आहे. डेकसाठी लांब, सरळ रेषांचे, गाठी नसलेले लाकूड लागते, आणि ते जुन्या, मोठ्या झाडांतूनच मिळते. लागवडीतील वेगाने वाढलेल्या झाडांतून असे लाकूड थोडेच निघते. म्हणून यॉटबांधणीत बर्मी सागवानाला, म्हणजे म्यानमारच्या नैसर्गिक जंगलातील लाकडाला, वर्षानुवर्षे अग्रमान होता. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठावानंतर तेथील सरकारी इमारती लाकूड महामंडळावर अमेरिका आणि युरोपीय संघाने निर्बंध लादले. बेकायदा तोडीचे लाकूड बाजारात येऊ नये म्हणून आयातदाराने लाकडाच्या उगमाची चौकशी करावी, असा नियम युरोपात २०१३ पासून लागू झाला होता. हे नियम कागदावरच राहिले नाहीत. ब्रिटनमधील ‘सनसीकर’ या नामवंत यॉट कंपनीला बर्मी सागवानासह काही लाकडांच्या आयातीत पुरेशी चौकशी न केल्याबद्दल २०२४ मध्ये न्यायालयाने २ लाख ४० हजार पौंड दंड केला. खर्च आणि जप्तीची रक्कम धरून हा आकडा साडेतीन लाख पौंडांच्या पुढे गेला. कृत्रिम सागवानाच्या प्रसाराला या घडामोडींनी मोठा हातभार लावला, हे उघड आहे.

एक नाव, अनेक पदार्थ

कृत्रिम सागवान म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो पीव्हीसीचा प्रकार. स्वीडनच्या ‘फ्लेक्सीटीक’ कंपनीचे नाव या क्षेत्रात पुष्कळदा प्रकाराचे नाव म्हणूनच वापरले जाते. साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या लवचिक पट्ट्या, त्यांवर लाकडासारख्या रेषा आणि पट्टीच्या कडेलाच जोडून आलेली काळी किंवा पांढरी रेघ असे त्याचे स्वरूप असते. बोटीवर जाऊन डेकचा कागदी किंवा प्लास्टिकचा नमुना, म्हणजे शिंप्याच्या भाषेत बेतणी, काढली जाते. कार्यशाळेत त्यानुसार पट्ट्या जुळवून मागील बाजूने गरम हवेने एकजीव केल्या जातात. मग तयार झालेला अखंड तुकडा बोटीवर आणून चिकटवला जातो. यात एकही स्क्रू लागत नाही. रंग पट्टीच्या पूर्ण जाडीतून असल्याने ओरखडा पडला तर जाड्या पॉलिश पेपरने घासता येतो आणि एखादी पट्टी फारच बिघडली तर तेवढीच कापून नवी जोडता येते. मद्य, डिझेल, माशाचे रक्त यांचे डाग लाकडात मुरतात तसे यात खोल मुरत नाहीत.

दुसरा प्रकार ईव्हीए फोमचा. चपलेच्या मऊ तळव्यात हाच पदार्थ असतो. सुमारे ५-६ मिलिमीटर जाडीच्या या चादरींवर सागवानासारखे खाचे पाडलेले असतात आणि मागे चिकटपट्टी तयार असते. कागद सोलून दाबून बसवायचे, एवढेच काम. उभे राहून मासेमारी करणाऱ्याला, वॉटर स्पोर्ट्सच्या लहान बोटीला, पोहून वर चढण्याच्या फळीला हा मऊपणा फार सुखाचा असतो. किंमतही आवाक्यात असते. परंतु टोकदार टाच, गळाचा काटा, खुर्चीचा पाय, नांगराची साखळी यांपुढे फोमचा निभाव लागत नाही. उन्हात तो हळूहळू फिका पडतो, कडांना आकसतो. त्याला काही वर्षांनी बदलायची वस्तू समजूनच विकत घ्यावे. कायमस्वरूपी डेक समजून घेणाऱ्याची निराशा होते. बाजारात एकाच रंगरूपाच्या स्वस्त आणि महाग चादरी शेजारी-शेजारी विकल्या जातात, आणि त्यांतील फरक पहिल्या उन्हाळ्यानंतरच उघड होतो.

तिसरा प्रकार बुचाचा. बाटलीच्या बुचासाठी जी साल वापरतात तिचाच भुगा बंधकात मिसळून पट्ट्या करतात. या पट्ट्या हलक्या, पायाला ऊबदार आणि ओल्या असतानाही घसरणार नाहीत अशा असतात. त्यांचे रूप काहीसे ठिपकेदार असल्याने जवळून पाहणाऱ्याला हे सागवान नाही हे कळते. पण नक्कल ओळखू येणे हा दोष मानायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे. याशिवाय मोठ्या यॉटवर ओतून घडवलेले पॉलियुरेथेनचे डेक आणि रासायनिक प्रक्रियेने टिकाऊ केलेली दुसरी लाकडेही वापरली जातात. लहान बोटीच्या मालकाला मात्र मुख्यतः वरील तिघांतूनच निवड करायची असते.

चटक्याचे शास्त्र

आपल्याकडच्या हवामानात निवडीचा निर्णायक मुद्दा उष्णतेचा आहे, आणि नेमका तोच माहितीपत्रकात सर्वात लहान अक्षरात असतो. उत्तर युरोपात तयार होणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. स्टॉकहोमच्या उन्हात जो डेक कोमट लागतो, तो मालवण किंवा पणजीच्या उन्हात पाय पोळवू शकतो.

यात दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पृष्ठभाग किती तापतो हे मुख्यतः रंगावर अवलंबून असते. गडद तपकिरी पृष्ठभाग सूर्याची उष्णता अधिक शोषतो, राखाडी त्याहून कमी आणि पांढरा सर्वात कमी. त्यामुळे नव्याकोऱ्या सागवानाच्या रंगापेक्षा मुरलेल्या, फिक्या राखाडी सागवानाच्या रंगाची पट्टी आपल्याकडे केव्हाही श्रेयस्कर. काळ्या रेघेऐवजी फिकी रेघ घेतली तर आणखी थोडा फरक पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या पृष्ठभागातून पायात उष्णता किती वेगाने शिरते. थर्मामीटर दोन पदार्थांवर सारखाच आकडा दाखवत असला, तरी तळपायाला ते सारखे लागत नाहीत. उन्हात ठेवलेली लोखंडी खुर्ची आणि तिच्याशेजारची लाकडी खुर्ची यांवर बसून पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. बूच आणि फोम यांत हवेचे असंख्य बारीक कप्पे असतात. त्यांत उष्णतेचा साठा थोडा असतो आणि ती सावकाश वाहते, त्यामुळे पाय टेकताच पृष्ठभाग निवतो. भरीव पीव्हीसी लाकडाच्या जवळपास दुप्पट घनतेचे असते. ते उष्णता धरून ठेवते आणि पायाला देत राहते. म्हणूनच एकाच रंगाच्या दोन पट्ट्यांत पीव्हीसी सागवानापेक्षा अधिक पोळते, तर बूच सौम्य लागते. ही तक्रार वाढल्यावर काही उत्पादकांनी पीव्हीसीत बारीक पोकळ्या ठेवून किंवा रंगद्रव्ये बदलून कमी तापणाऱ्या आवृत्त्या काढल्या. त्यांचा दावा तपासून पाहावा, पण तो खोटाच असेल असे मानण्याचे कारण नाही.

साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर त्वचा काही सेकंदांत भाजू शकते. बोटीवर लहान मुले असतील तर हा आकडा सजावटीच्या चर्चेपेक्षा महत्त्वाचा. त्यामुळे विक्रेत्याकडून तीन-चार प्रकारांचे हातभर लांबीचे नमुने मागून घ्यावेत, ते गच्चीवर किंवा प्रत्यक्ष बोटीवर दुपारी १२ ते २ या वेळेत उन्हात ठेवावेत आणि त्यांवर अनवाणी उभे राहावे. मग तेच नमुने खाऱ्या पाण्याने ओले करून आणि थोडे खोबरेल वा सनस्क्रीन पुसून पुन्हा उभे राहावे. अर्ध्या तासाची ही परीक्षा कोणत्याही माहितीपत्रकाहून अधिक सांगून जाते. नमुना द्यायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याचा माल घेऊ नये.

वजनाबाबत एक गैरसमज येथे दूर करायला हवा. कृत्रिम म्हणजे हलके, असे गृहीत धरले जाते. सागवानाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो असते. वीस चौरस मीटरच्या डेकवर १२ मिलिमीटर जाडीचे सागवान सुमारे १५६ किलो भरते. ५ मिलिमीटरचे भरीव पीव्हीसी घेतले, तर घनतेनुसार ते १३० किलोच्या आसपास जाते. बचत झाली, पण थोडीच. तुलना ६ मिलिमीटरच्या पातळ सागवानाशी केली, तर लाकूडच हलके ठरते. फोम आणि बूच मात्र खरोखर हलके असतात. डेकचे वजन बोटीच्या गुरुत्वमध्याच्या वर असते, त्यामुळे लहान शिडाच्या बोटीत हा हिशेब डावलून चालत नाही.

आधी खालचा डेक

नवे आवरण कोणतेही असो, ते ज्यावर बसणार त्याची तपासणी आधी व्हायला हवी. जुन्या बोटीवर घाईने बसवलेले कृत्रिम सागवान म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चढवलेला नवा रंग होय. तपासणीची साधी रीत बोटीच्या कोणत्याही जुन्या सुताराला ठाऊक असते. लहान हातोडीच्या मुठीने किंवा नाण्याने डेक वीत-वीत अंतरावर ठोकत जावे. गाभा निरोगी असेल तर आवाज टणक येतो. ओल शिरली असेल तर बद्द येतो. चालताना डेक पायाखाली दबत असेल, तर ठोकण्याचीही गरज उरत नाही. असा भाग उघडून कुजलेला गाभा काढणे, तो वाळवणे, नव्याने भरणे आणि जुन्या स्क्रूंचे प्रत्येक छिद्र रुंद करून इपॉक्सीने बुजवणे हे काम वेळखाऊ आणि खर्चिक असते. कित्येकदा वरच्या आवरणापेक्षा या दुरुस्तीचाच खर्च अधिक होतो. अंदाजपत्रकात विक्रेता तो धरत नाही, मालकाने धरावा.

चिकटवण्याच्या कामाला ऋतूही साधावा लागतो. या कामात वापरली जाणारी बरीचशी चिकटद्रव्ये हवेतील आर्द्रतेनेच घट्ट होतात, हे खरे. परंतु डेकच्या पृष्ठभागावर किंवा पट्टीच्या पाठीवर ओल असेल तर ती धरत नाहीत. कोकण किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम. मे महिन्यात पावसाच्या धास्तीने उरकलेल्या कामाच्या कडा दिवाळीपर्यंत उचलल्या जाण्याची भीती असते. गुंडाळून आलेला तुकडा किमान एक दिवस सपाट पसरून ठेवावा, सकाळच्या गारव्यात किंवा छताखाली बसवावा आणि चिकटद्रव्य घट्ट होईपर्यंत त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. खाली हवेचा फुगा राहिला, तर तो उन्हात प्रसरण पावून पट्टी वर उचलतो.

‘देखभाल लागत नाही’ हे जाहिरातीतील वाक्यही जसेच्या तसे घेऊ नये. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने झाकली जाते. आत कोंडलेल्या दमटपणात पीव्हीसीवर बुरशीचे काळे आणि गुलाबी डाग पडतात. ताडपत्रीखाली वारा खेळता ठेवला तर ते टळतात. काळ्या रबराच्या पायपुसण्या आणि हलक्या प्रतीच्या बुटांचे तळवे यांतील रसायने पीव्हीसीत उतरून कायमचा पिवळसर डाग सोडतात. रंगकामात नित्य वापरले जाणारे ॲसिटोन तर त्याला मुळीच लावू नये. साबणाचे पाणी आणि मध्यम ब्रश एवढे बहुधा पुरते.

पर्यावरणाच्या बाजूनेही चित्र अगदी स्वच्छ नाही. कृत्रिम सागवानामुळे म्यानमारमधील एखादे जुने झाड वाचते, हे मान्य. पण पीव्हीसी हे खनिज तेल आणि क्लोरीन यांपासून होते, आणि चिकटद्रव्यासह उखडून काढलेला डेक पुन्हा वापरात आणणे अवघड असते. तो जाळल्यास हायड्रोजन क्लोराईडसारखा घातक वायू निघतो. फोमची झिज थेट समुद्रात जाते. ज्याला हा विचार महत्त्वाचा वाटतो, त्याने बूच किंवा प्रमाणित लागवडीतील सागवान यांकडे वळावे.

किंबहुना संपूर्ण डेक सागवानासारखा दिसलाच पाहिजे, हा आग्रहच तपासून पाहण्याजोगा आहे. पुढच्या उघड्या डेकवर, जिथे नांगराचे काम चालते आणि ऊन थेट पडते, तिथे खडबडीत पांढरा रंग स्वस्त, हलका, थंड आणि न घसरणारा असतो. मासेमारीच्या आणि प्रवासी वाहतुकीच्या बोटी हेच करतात, आणि त्यांच्याइतका डेक कोणीच तुडवत नाही. सुकाणूजवळची बैठकीची जागा, तिच्यावरची आसने आणि मागची पोहण्याची फळी एवढ्याच भागांवर कृत्रिम सागवान घातले तर शोभाही साधते आणि खर्च बराच कमी होतो. छप्पर किंवा कापडी छत असलेल्या बैठकीत पीव्हीसी चालेल. उघड्या फळीवर बूच किंवा फोम बरा.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराकडून उरलेल्या पट्ट्या मागून घेण्यास विसरू नये. एका खेपेतील मालाचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळतोच असे नाही. त्या तुकड्यांपैकी निम्मे बोटीवरच उन्हात राहू द्यावेत. पाच वर्षांनी पट्टी बदलण्याची वेळ आली, तर डेकइतकेच फिके पडलेले ठिगळ हाताशी असेल.